सोलांच्या पाकिटावर ‘सेंद्रिय’ लिहू, ‘गोव्याची’ लिहू, की आमच्या वाड्याचं नाव?

कुळागरातली सून

नमस्कार मंडळी. मी फोंडा तालुक्यातली. सावईवेऱ्याच्या बाजूला आमचं कुळागर आहे. पोफळी आणि माड, त्यांच्या सावलीत केळी, मिरीचे वेल, जायफळाची सात झाडं, पाटाच्या कडेने हळद, आणि वरच्या अंगाला भिरंडाची, म्हणजे कोकमाची, जुनी झाडं. सुपारी दरवर्षी ठरलेल्या ठिकाणी जाते, तिची चिंता नाही. बाकीचा माल मी चार वर्षांपासून पाकिटं करून विकते: सोलं (आमसुलं), हळदपूड, मिरी, थोडं भिरंडेल, म्हणजे भिरंडाच्या बियांचं तेल.

पणजीच्या एका दुकानात माझी सोलं असतात. गेल्या महिन्यात एका बाईंचा फोन आला. पाकिटावर माझा नंबर आहे, म्हणून त्यांनी थेट मलाच विचारलं, “तुमच्या सोलांवर ‘प्रमाणित सेंद्रिय’ असा हिरवा स्टिकर आहे, पण प्रमाणपत्राचा क्रमांक कुठेच दिसत नाही. तो देता का?” मी गप्पच झाले, कारण तो स्टिकर मी लावलेलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं तर सगळ्याच पाकिटांवर तो होता. दुकानदार म्हणाले, “लोक तेच विचारतात. तुम्ही खत-औषध घालत नाही ना? मग बिघडलं कुठे?” मी अडतीसच्या अडतीस पाकिटं घरी आणली. रात्री बसून स्टिकर काढले, तर त्यांच्याबरोबर माझं लेबलही फाटून येत होतं.

आता नवी लेबलं छापायची आहेत, आणि तिथेच मी अडले आहे. एकाने नमुना करून दिला. त्यावर समुद्र, आडवा झुकलेला माड, मावळता सूर्य आणि खाली ‘गोव्याच्या मातीचा वारसा, आजीच्या हातची चव’. चित्र सुंदर आहे, पण आमच्या कुळागरातून समुद्र दिसत नाही. आमच्याकडे दिसते ती वरची झर, तिचं पाणी फिरवणारा पाट आणि दिवसभराचा गारवा. ते विकण्याजोगं नाही का?

सोलं कशी करतो तेही सांगते, म्हणजे माझा प्रश्न नीट कळेल. एप्रिल-मेमध्ये भिरंडं पिकून काळपट लाल झाली की काढायची. फोडून बिया वेगळ्या करायच्या, साल उन्हात टाकायची. संध्याकाळी ती त्यांच्याच रसात बुडवायची आणि सकाळी परत ऊन. अशी चार-पाच पुटं. सासूबाई सोल बोटात दुमडून बघतात. कडा न तुटता दुमडली आणि बोटाला ओल लागली नाही, तरच ती भरणीत जाते. त्यांच्या सासूबाईही असंच बघायच्या. यात रंग नाही की दुसरं काही नाही. बाजारात सोलं साडेचारशे रुपये किलोला मिळतात. माझी मला सातशेच्या खाली परवडत नाहीत. हा फरक गिऱ्हाइकाला सांगायचा कसा?

दोन गोष्टी मनाला टोचतात, त्याही लिहिते. पोफळींना कोळेरोग येऊ नये म्हणून आम्ही पावसात दोनदा बोर्डो मारतो, म्हणजे मोरचूद आणि चुना. मग मी स्वतःला सेंद्रिय म्हणू शकते का? आणि मागच्या मे महिन्यात अवेळी पाऊस आला, वाळत घातलेली सोलं बुरसली. ऑर्डर घेतलेल्या होत्या म्हणून शेजारच्या गावातून साठ किलो भिरंडं विकत आणली. सोलं मीच केली, तशीच केली, पण पाकिटावर ‘आमच्या कुळागरातली’ असंच छापलेलं होतं. तो माल विकला गेला. कोणाची तक्रार नाही. तरी ते मला बरं वाटलेलं नाही.

सोलांना जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, लावता येतो का, असंही एकाने सुचवलं. जाणकारांनी सांगावं.

खोल्याचा मिरचीवाला

ताई, आधी जीआयचं सांगतो, कारण आमच्या गावात त्यावरून पुष्कळ घोळ झालेला मी पाहिला आहे. मी काणकोणचा. आमच्या खोल्याच्या मिरचीला जीआय आहे. डोंगरउतारावर, पावसाच्या पाण्यावर होणारी ही मिरची. रंग लालभडक, तिखट बेताची. लोणच्याला आणि मसाल्याला लोक शोधत येतात.

जीआय म्हणजे माल कुठला आहे आणि त्या जागेमुळे त्याला कोणता गुण आला आहे, याची नोंद. त्यात खत घातलं की नाही याचा संबंध नसतो. सेंद्रिय म्हणजे माल कसा पिकवला याचा दाखला. तो कुठल्याही गावच्या मालाला मिळू शकतो. गिऱ्हाईक दोन्ही एकच समजतं आणि विकणारेही ते समजू देतात. पाकिटावर जीआयचं चिन्ह दिसलं की लोक म्हणतात, ‘म्हणजे फवारणी नसणार’. तसं काही नसतं. आपण ती समजूत वापरून विकलं, तर एक दिवस त्याच समजुतीने आपण पडतो.

दुसरं असं की, जीआय मिळाला म्हणून गावातल्या कोणीही तो छापावा असं नसतं. अर्ज संघटनेच्या नावाने होतो, नोंद चेन्नईच्या कार्यालयात होते, आणि मग एकेका शेतकऱ्याला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून वेगळं नाव घालावं लागतं. फेणीला २००९ मध्ये जीआय मिळाला. मानकुराद आणि बेबिंकाला २०२३ मध्ये. बातमी आली की सगळ्यांना आनंद होतो, पण वापरकर्ता म्हणून नाव घालायचं काम मागे राहतं. कोकमाचं म्हणाल तर सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला जीआय आहे, पण तो त्या दोन जिल्ह्यांचा. तुमच्या पाकिटावर तो चालणार नाही. तुम्हाला त्याची गरज आहे असंही मला वाटत नाही. तुमच्यापाशी याहून जवळची खूण आहे.

आमचा अनुभव सांगतो. जत्रेत, रस्त्याच्या कडेला ‘खोल्याची मिरची’ म्हणून बाहेरची मिरची सर्रास विकली जाते. नाव मोठं झालं की त्याच्या आडोशाला दुसऱ्याचा माल येतोच. माझा धंदा टिकला तो नावाने नाही. मी दर पोत्याला एक चिठ्ठी घालतो: कुठल्या उतारावरची, कधी काढली, किती उन्हं दिली, पाऊस लागला की नाही. दोन वर्षांपूर्वी पाऊस लांबला आणि मिरचीचा रंग उतरला. चिठ्ठीत तसं लिहिलं आणि भाव कमी लावला. मडगावच्या एका पापडवाल्या काकींनी तेव्हा कमी माल उचलला. पण पुढच्या साली त्यांनी सगळ्यांच्या आधी फोन केला. म्हणाल्या, “औंदाची कशी आहे ते खरं सांग.” त्या माझी मिरची बघायलाही आल्या नाहीत. चिठ्ठीवर विसंबल्या.

म्हणून तुमच्या त्या साठ किलोंबद्दल माझं म्हणणं स्पष्ट आहे. पाकिटावर दोन ओळी ठेवा. ‘भिरंडं:’ आणि पुढे गावाचं नाव हाताने लिहायला जागा. ‘सोलं केली:’ आणि तुमचा वाडा. ज्या वर्षी बाहेरची भिरंडं घ्यावी लागतील, त्या वर्षी त्या गावाचं नाव लिहा. तेही तुमच्याच तालुक्यातलं गाव, त्याला कमी का लेखायचं? ज्यांनी त्या पाकिटांची ऑर्डर फोनवर दिली असेल, त्यांना फोन करून सांगाही. मी तसंच केलं असतं.

फोंड्याचा लेबलवाला

मी छोट्या उत्पादकांची पाकिटं, लेबलं आणि अन्न परवान्याची कागदपत्रं करतो, त्यामुळे नियमापुरतं बोलतो.

‘सेंद्रिय’ हा शब्द २०१७ च्या नियमांपासून मोकळा राहिलेला नाही. तुम्ही स्वतः पिकवलेलं थेट खाणाऱ्याच्या हातात देत असाल, म्हणजे घरी, बाजारात बसून, किंवा ऑर्डर घेऊन, तर लहान मूळ उत्पादकाला प्रमाणपत्रातून सूट आहे. तेव्हाही ‘जैविक भारत’ हे सेंद्रिय मालाचं सरकारी चिन्ह वापरता येत नाही. माल दुकानाच्या फळीवर गेला की ही सूट संपली. तिथे ‘सेंद्रिय’ लिहायचं तर प्रमाणपत्र हवंच. म्हणजे त्या दुकानदाराने केलं ते नुसतं अगोचरपणाचं नव्हतं, नियमाच्या बाहेरचं होतं, आणि पाकिटावर नाव तुमचं होतं. तुम्ही माल परत आणलात ते योग्य केलंत.

प्रमाणपत्राचे दोन रस्ते. एक त्रयस्थ संस्थेकडून, निर्यातीला चालणारा, खर्चिक. दुसरा पीजीएस-इंडिया. यात आसपासचे किमान पाच शेतकरी गट करतात, एकमेकांच्या बागेत जाऊन तपासणी करतात, वही ठेवतात. देशातल्या विक्रीला हा पुरतो आणि लहान माणसाला परवडतो. पोफळी, माड, भिरंड अशा बारमाही झाडांना साधारण तीन वर्षांचा रूपांतर काळ धरतात. तुमच्या भागातल्या झोनल कृषी कार्यालयात विचारा. परंपरागत कृषी विकास योजनेत २०१५ पासून गटाने हे काम चालतं.

बोर्डोची भीती बाळगू नका. तांब्याची ही जुनी औषधं सेंद्रिय मानकांत पूर्ण वर्ज्य नाहीत. मर्यादेत आणि तपासणाऱ्याला सांगून वापरता येतात, कारण तांबं मातीत साठत जातं. लपवलं तर मात्र गोष्ट वेगळी. कधी, किती, कुठल्या झाडांना मारलं ते वहीत लिहा. मोरचूद किती आणि चुना किती तेही.

त्या नमुन्यातली ‘आजीच्या हातची चव’ काढून टाका. ‘घरगुती’, ‘घरी बनवलेलं’ असले गैरसमज करून देणारे दावे २०१८ च्या जाहिरात नियमांत चालत नाहीत. ‘पारंपरिक’ चालतं, पण पद्धत पिढ्यांपासून चालत आलेली आणि मुळात न बदललेली असली पाहिजे. तुमची आहे. फक्त तो शब्द एकटा लिहू नका. तुम्ही इथे लिहिलीत ती कृती, ‘त्यांच्याच रसाची पाच पुटं’, हीच छापा. बाकी नोंदणी क्रमांक, वजन, तारीख, किंमत, पत्ता हे लागतंच. फाँट जरा मोठा ठेवा, म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाही.

पणजीची गिऱ्हाईक

फोन करणारी मी नव्हे, पण मीही तोच फोन केला असता.

आमच्यासारख्यांचं काय होतं ते सांगते. माहेर डिचोलीचं. लहानपणी सोलं, मिरची, वाल, सुकी सुंगटं हे सगळं मे संपायच्या आत घरात भरलेलं असायचं. पुरुमेत म्हणायचो. कोणाची सोलं, हे आईला माहीत असायचं. आता मी फ्लॅटमध्ये राहते, वर्षाचं भरत नाही, आणि कोणाचं काय ते कळत नाही. दुकानात उभी राहिले की समोर दहा पाकिटं, सगळ्यांवर माड आणि समुद्र. मग ज्यावर ‘सेंद्रिय’ तेच उचलते, कारण धरायला दुसरं काही नसतं.

तुमच्या प्रश्नातली ती एक ओळ वाचून मी थांबले. सोल बोटात दुमडायची, कडा तुटता कामा नये, बोटाला ओल लागता कामा नये. ताई, माझी आई हेच करायची आणि मी विसरून गेले होते. हे पाकिटावर लिहा. मी घरी जाऊन करून बघेन आणि मला कळेल. स्टिकरवरून मला काय कळणार?

सातशे रुपयांबद्दल. मी एकदम किलो घेणार नाही. शंभर ग्रॅमचं पाकीट सत्तर रुपयांना असेल तर विचार न करता घेईन, आणि आवडलं तर मे महिन्यात किलोची मागणी आधीच नोंदवीन. ‘पुरुमेताची सोलं, नोंदणी एप्रिलपर्यंत’ असं काही का करत नाही तुम्ही? आमच्या इमारतीतल्याच चार-पाच जणी घेतील. ख्रिस्ती शेजारीण तर सगळ्यात आधी.

सत्तरीकर

मला वरच्या मंडळींचं सगळं पटत नाही. राग मानू नये.

प्रमाणपत्र, वही, गट, तपासणी हे सगळं करताना बाईमाणसाचा जीव जातो. घर, गुरं, बाग सांभाळून वही कोण लिहिणार? आमच्या वाळपईच्या बाजूला एक गट दोन वर्षांत मोडला, कारण पाचांतले दोघे तपासणीच्या दिवशी कधी हजरच नसायचे. गावाचं नाव जपायचं तर गावाच्या दिवसांना धरून विका, असं माझं मत. श्रावणात पातोळ्यांना हळदीची पानं लागतात. नागपंचमीला आपल्याकडे, पंधरा ऑगस्टच्या फेस्ताला ख्रिस्ती घरांत. तेव्हा ताज्या पानांना गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. चवथीच्या आधी माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळा-पानांचा, बाजार. सुपारीचे घोस, केळीचे घड, रानातली फळं, मी दोन दिवसांत जे विकतो ते महिन्यात विकलं जात नाही. तिथे मला कोणी सेंद्रिय का म्हणून विचारलेलं नाही. देवाच्या डोक्यावर बांधायचं आहे, माणूस बघून घेतात.

फक्त एक सावधपणा. माटोळीचं म्हणून रानातलं ओरबाडून आणू नये. काही वेली आमच्या डोंगरावर आता दिसेनाशा झाल्या आहेत. जे आपल्या कुळागरात लावता येतं ते लावून विकावं.

खोल्याचा मिरचीवाला

सत्तरीकर भाऊ, सणाचं तुमचं खरं आहे. पण माटोळीच्या बाजारात माणूस समोर असतो. सोलं पणजीला, पुण्याला जातात. तिथे ताई उभ्या राहू शकत नाहीत, त्यांच्या जागी पाकीट उभं राहतं. वहीचा त्रास आहे, कबूल. मी कॅलेंडरवर लिहितो. स्वयंपाकघरात टांगलेलं असतं, ज्याच्या हातून काम झालं त्याने त्या तारखेत लिहायचं. वर्ष संपलं की ते कॅलेंडर गुंडाळून ठेवायचं. तपासणीला तेच दाखवतो.

कुळागरातली सून

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर उत्तर दिलं नाही, कारण आधी काही कामं उरकायची होती.

त्या वर्षीच्या ऑर्डरींची वही काढली. बाहेरच्या भिरंडांची सोलं एकवीस घरी गेली होती. सोळा जणांना फोन लागला. एका काकांनी पैसे परत मागितले, ते दिले. बाकीच्यांनी “चव तर चांगलीच होती, पण सांगितलंस ते बरं केलंस” असंच काहीसं म्हटलं. एकीने विचारलं की त्या गावची भिरंडं जास्त आंबट असतात का, कारण तिला तीच बरी लागली होती. याचा विचार मी कधी केलाच नव्हता. या मे महिन्यात दोन्ही वेगवेगळी वाळवून बघणार आहे.

दुकानासाठी ‘सेंद्रिय’ शब्द काढला. पीजीएससाठी आमच्या वाड्यावरची तीन घरं तयार आहेत, दोन अजून हवीत. शेजारचे काका बोर्डोचं नाव काढल्यावर बिचकले होते, त्यांना लेबलवाल्या भाऊंचं उत्तर वाचून दाखवलं. कॅलेंडर टांगलं आहे. पहिली नोंद सासूबाईंनी केली: ‘पाट साफ केला.’

आणि लेबल. समुद्र काढला. मी हे लिहिलं आहे, चुकलं असेल तर सांगा:

‘सोलं. भिरंडं: ________ . सोलं केली: आमच्या वाड्यावर, सावईवेऱ्याजवळ, तालुका फोंडा. त्यांच्याच रसाची ____ पुटं, ____ उन्हं. रंग घातलेला नाही. सोल दुमडून बघा: कडा तुटता नये, बोटाला ओल लागता नये. कडा तुटली किंवा ओल लागली तर आम्हाला फोन करा.’

रिकाम्या जागा हाताने भरणार. सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, पुटांचा आकडा आधी छापला नाहीस ते बरं, ढगाळ वर्षी सहा द्यावी लागतात.

शंभर ग्रॅमची पन्नास पाकिटं आधी करते आहे. पणजीच्या ताई, तुमच्या इमारतीतल्यांची नावं एप्रिल लागायच्या आत कळवा, म्हणजे तेवढी भिरंडं झाडावरच राखून ठेवते.